कच्च्या रश्श्याचा निवद

पोलिसाच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. माणूस एका प्रकरणातला आणि गाव दुसऱ्यातलं, असं होतं. नीरेच्या पुलाजवळचं रश्श्याचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं आठवतं, आणि ते सांगताना माझी मान ताठ राहत नाही. त्यातली काही माणसं आजही तिथंच धंदा करतात, म्हणून कुणाचं नाव घेत नाही.

सारोळ्याच्या बाजूला, पुलाच्या अलीकडे, नदीच्या काठानं एक बाजारच उभा राहिला होता. टायरवाले, वजनकाटा, खतांची दुकानं, जमिनीच्या दलालांची काचेची ऑफिसं, आणि या सगळ्यांची पोटं भरणारी हॉटेलं. पलीकडच्या कंपन्यांतले साहेब लोकही दुपारी पूल ओलांडून इकडे जेवायला येत. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, मागं चूल आणि नदीकडं तोंड करून टाकलेली टेबलं. त्यातली दोन हॉटेलं एकाच घरातल्या दोन जावांची होती. मध्ये फक्त एक भिंत. थोरलीचं जुनं. धाकटी आधी तिच्याच चुलीवर राबायची, मग भांडण झालं, ती वेगळी झाली आणि शेजारीच तिनं आपली चूल मांडली. दोन वर्षांत थोरलीची टेबलं रिकामी पडली आणि धाकटीकडं माणसं जागेसाठी उभी राहू लागली. मी स्वतः धाकटीकडंच जेवायचो. हे आधीच कबूल करतो.

एका रविवारी भोंगवलीला पाहुण्यांकडं निघालेलं एक कुटुंब धाकटीकडं मटण जेवलं. अकरा माणसं, त्या दिवसाचं पहिलं पातेलं जवळजवळ त्यांच्यातच संपलं. तासाभरात सगळ्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यातले आजोबा साखरेचे रुग्ण, त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. रुग्णालयातून ठाण्याला खबर आली. आम्ही पंचनामा केला, रश्श्याचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवला, आणि संबंधित खात्यानं हॉटेलला टाळं लावलं. डॉक्टर म्हणाले, हे शिळ्या अन्नाचं काम दिसत नाही, कुणीतरी जहाल जुलाबाचं औषध घातलंय. म्हणजे गुन्हा दाखल करणं आलं. आजोबांचं काही बरंवाईट झालं असतं तर कलम थेट मनुष्यवधाचं लागणार होतं, आणि जो कुणी सापडेल त्याचं आयुष्य तुरुंगात जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी एका टायरवाल्यानं हळूच सांगितलं की, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास थोरली धाकटीच्या मागच्या दारातून बाहेर पडताना त्यानं पाहिली होती. दोन वर्षांत जिनं त्या हॉटेलचा उंबरा ओलांडला नव्हता, ती मागच्या दारानं कशाला गेली? मला एवढंच पुरेसं होतं. शिवाय नळावर भांडताना तिनं चारचौघांत धाकटीला सुनावलं होतं की, तुझ्या रश्श्याला एक दिवस कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही.

महिला साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा, हा नियम मला पाठ होता. तरी मी तिला बोलावलं. स्टेशन डायरीत 'स्वेच्छेने हजर' अशी नोंद केली की कागद स्वच्छ राहतो. सकाळी दहाला ती यायची, महिला शिपायासमोर बाकावर बसायची, संध्याकाळी पाचला घरी जायची. असे चार दिवस. थोरली पन्नाशीची, काटक, काष्टा घालणारी बाई. ठाण्याला घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, जावेचं चांगलं चाललेलं बघवत नाही ना?

"न्हाई बघवत," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली कांदा चिरायला शिकली ती. आता माझी गिऱ्हाइकं माझ्याच दारावरनं तिच्याकडं जात्यात. तिचं हॉटेल बंद पडावं म्हणून मी रोज देवाला सांगते. पर अन्नात हात घालणारी बाई न्हाई मी."

एवढा रोखठोक मत्सर मी ठाण्यात कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, अर्धा कबुलीजबाब हातात आला. मग मागच्या दाराचं विचारलं की मात्र ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. भिंतीकडं बघत राहायची. जिथं माणूस गप्प होतो तिथंच खणायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. मी खणत राहिलो. तिकडं पुलाजवळ बातमी पसरली की थोरलीला पोलिसांनी नेलंय. तिच्याकडं जी दोन-चार टेबलं भरायची, तीही बंद झाली.

धाकटी फिर्यादीच्या बाजूची होती. ती नवऱ्याबरोबर दोनदा जबाबासाठी आली, दोन्ही वेळा थोरलीच्या बाकासमोरच मी त्यांना चहा पाजला. बिचारीचं हॉटेल सील झालेलं, डोळे सुजलेले. नवरा शेजारी खाली मान घालून बसलेला. कुणावर संशय आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "म्या कुणाचं नाव कशाला घेऊ? तुमीच बघा साहेब." तिचा हा समजूतदारपणा मला फार आवडला होता.

चौथ्या दिवशी दुपारी थोरलीचा धीर सुटला. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. महिला शिपायानं तिला नुसतं विचारलं की, मावशी, तुमच्या घरी आज चूल कुणी पेटवली? त्यावर ती रडायलाच लागली. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना लाजेनं तिचा चेहरा पडला होता. धाकटी अशी काय वेगळी करते, हे तिला दोन वर्षं कळत नव्हतं. त्या सकाळी धाकटी पुढं टेबलं पुसत होती, तेवढ्यात ही मागून शिरली, पळीभर रस्सा तळहातावर घेतला आणि चाखला. चोरून जावेच्या रश्श्याची चव घेतली, हे गावात कळण्यापेक्षा तिला ठाण्यातला बाक बरा वाटत होता.

मी विचारलं, रस्सा खाल्लात आणि तुम्हाला काही झालं नाही?

"काय व्हायचं? तवा कच्चाच होता रस्सा. मटण अजून दाताला लागत होतं," ती म्हणाली. डोळे पुसता पुसता तिनं अजून एक सांगितलं. बाहेर पडताना तिला दीर दिसला होता. रिकामं ताट घेऊन नदीकडून वर येत होता, म्हसोबाला निवद दाखवून.

मी पुढचा प्रश्न विचारणार, एवढ्यात आमचे आंबवड्याचे हवालदार लिहिता लिहिता थांबले. ते म्हणाले, "साहेब, कच्च्या रश्श्याचा निवद कुणी दाखवत न्हाई."

त्या पट्ट्यात नदीकाठच्या दगडाला, म्हणजे म्हसोबाला, मटणाचा निवद दाखवल्याशिवाय पहिलं ताट वाढत नाहीत. रस्सा उकळून तर्री वर आली की मगच निवदाचं ताट भरायचं, ही तिथली रीत. धाकटीकडं हे काम नवऱ्याचं होतं, आणि ते रोज बाराच्या सुमारास व्हायचं. त्या दिवशी त्यानं अकरालाच, अर्धं कच्चं मटण देवापुढं नेलं. असं कोण करेल? पुढं त्या पातेल्यात काय पडणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, आणि देवाला ते खाऊ घालायची ज्याची छाती नाही, तोच. बायकोला फसवता येतं, अकरा अनोळखी माणसांना फसवता येतं, पण म्हसोबाला नाही, असा त्याचा हिशेब.

नवऱ्याला आम्ही बोलावलं. आधी तो सगळं नाकारत होता. मी त्याला विचारलं, तुमचं हॉटेल इतकं चालतं, तुम्ही कशाला असं कराल?

"माझं कुठलं? तिचं हाय," तो म्हणाला.

तो ज्या आवाजात हे म्हणाला, तो आवाज मला ओळखीचा होता. माझी बायको हायस्कूलची मुख्याध्यापिका. आमच्या वसाहतीत मला कुणी साहेब म्हणत नसे. 'बाईंचे मिस्टर' म्हणत. वर्दी घालून रस्त्यानं निघालो तरी पालक थांबवून विचारायचे, बाई आहेत का घरी? मी हसून उत्तर द्यायचो आणि आतून जळायचो. लाज वाटते, पण एकदा तिला पुरस्कार मिळाला तेव्हा मी मुद्दाम बंदोबस्ताचं निमित्त काढून समारंभाला गेलो नव्हतो. त्या माणसाला मी हे सगळं सांगितलं. सुरुवात डाव म्हणून केली, पण अर्ध्यावर आल्यावर तो डाव राहिला नाही.

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग बोलला, "लोक येत्यात. मी समोर उभा असतो. मला इचारत्यात, वहिनी हायेत का? न्हाईत म्हणलं की माघारी जात्यात. मी उभा असताना, साहेब."

पुढचं मग फारसं विचारावं लागलं नाही. भोरच्या बाजारात झाडपाला विकणाऱ्या बाईकडून त्यानं बैलाला पाहिजे म्हणून जमालगोट्याच्या बिया घेतल्या होत्या. त्या बाईनं त्याला ओळखलं. उरलेल्या बिया मोटारसायकलच्या डिकीत मिळाल्या, पंचांसमोर जप्त केल्या. त्याला कुणाला मारायचं नव्हतं. लोकांची पोटं बिघडावीत, वहिनींच्या हाताला आता पहिल्यासारखी चव नाही असं लोकांनी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. नशिबानं आजोबा वाचले.

ही गोष्ट धाकटीला सांगायला मी स्वतः गेलो. ती कोसळेल, म्हणून महिला शिपायाला बरोबर घेतलं होतं. बाई कोसळली नाही. निवद लवकर गेला होता हे तिच्याही लक्षात होतं. माणसं आजारी पडल्याचं कळलं त्याच क्षणी तिला सगळं उमगलं होतं.

मी म्हणालो, मग बोलला का नाहीत? नवरा आहे म्हणून?

"नवरा हाय म्हणून तर हायेच," ती म्हणाली. "पर खरं सांगू का? तुमी जाऊबाईंना बोलावलंत. जन्मभर मला बोलत आल्या त्या. म्हणलं, बसू दे चार दिवस."

हे तिनं कसलाही आव न आणता सांगितलं. मी तिच्या हातचं दोन वर्षं जेवलो होतो आणि त्या हातामागचं माणूस मला अजिबात कळलं नव्हतं.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मी साध्या कपड्यांत थोरलीकडं गेलो. दुपारची वेळ, शेजारच्या हॉटेलचं सील निघून तिथं पुन्हा गर्दी झालेली, आणि इकडं मी एकटा. तिनं ताट वाढलं. माझी दिलगिरी आणि धाकटीचं ते बोलणंही तिनं ऐकून घेतलं, भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "मी जळते, हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं. म्हणून तुमी मला बाकावर बसवलंत. आन् जी मनातल्या मनात जळत होती, तिला तुमी चहा पाजलात."

पुढं नवीन अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगत आलो की, मत्सर बोलून दाखवणाऱ्यापेक्षा, कुणाचंच नाव न घेणाऱ्या समजूतदार माणसाकडं जास्त वेळ बघा. आणि ज्याच्याकडं आपण आवडीनं जेवतो, त्याच्याकडं तर नक्कीच बघा.

थोरलीनं वर्षभरात हॉटेल बंद केलं. पोलिसांनी नेलेल्या बाईच्या हातचं लोक खात नव्हते. ती निर्दोष आहे हे मी कागदावर व्यवस्थित लिहिलं होतं. त्या पुलाजवळ जाऊन, चार माणसांत उभं राहून, ते मी कधीच सांगितलं नाही.