मंजुळाचे पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांच्याबरोबर मी डोंगर चढलो त्या मित्रांना तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आमचं गाव सारसोळे. आज तिथं चहूकडे नेरूळच्या इमारती आहेत. मी सांगतोय तेव्हा खाडी होती, मिठागरं होती आणि आम्हा कोळ्यांची घरं. मी मॅट्रिक झालो आणि मुंबईत एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. आठवडाभर परळला चुलत्याकडे राहायचो, शनिवारी होडीनं घरी यायचो. घरी म्हातारा बाप आणि माझी बायको, मंजुळा.

कचेरीतल्या काहींना रानावनात फिरायचं वेड होतं. सुट्ट्या जोडून आल्या की पाठीवर हॅवरसॅक टाकून निघायचे. बोरिवलीचं जंगल, माथेरान, भीमाशंकर, एका हिवाळ्यात तर थेट ताडोबा. मला त्यांनी ओढून नेलं आणि मग मला दुसरं काही सुचेनासं झालं. झाडाखाली चूल मांडायची, झऱ्याचं पाणी प्यायचं, सकाळी उठून पुढची टेकडी गाठायची. खाडीकाठच्या माणसाला जंगलाचं काय एवढं? ते मला आजही सांगता येणार नाही.

हॅवरसॅक विकत घेणं मला परवडत नव्हतं. मंजुळानं बापाच्या जुन्या शिडाच्या कापडाची शिवून दिली. पट्टे खांद्यात रुतू नयेत म्हणून आतून कापूस भरला. शिवताना तिनं विचारलं,

"मी येन का तुमचे संगती?"

मी म्हणालो, "बायकांना नेत नाहीत."

झालं. एवढंच ते वाक्य. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण ते खोटं होतं. आमच्यात बायका असायच्या. अरविंदची बायको सुमनताई तर पहिल्यापासून होती. साडीचा काचा मारून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून ती आमच्यापुढे चालायची. पुढं आणखी दोघी आल्या.

मंजुळानं पुन्हा विचारलं नाही. मात्र मी परत आलो की ती समोर बसायची आणि सगळं काढून घ्यायची. झाडं केवढी होती? वाघ दिसला का? "पानी कुठशी येतं वो डोंगरावं?" — हे तर दर वेळी. मी सांगायचो. रंगवून सांगायचो. सुमनताईला आणि बाकीच्या दोघींना त्या गोष्टींतून काढून टाकायचो. ओढा ओलांडताना सुमनताई घसरली होती. मी सांगितलं, अरविंद घसरला. मंजुळा पोट धरून हसली.

आणि तिकडं? तिकडं सुमनताई विचारायची, वहिनींना का नाही आणत? तिथं दुसरं खोटं लागायचं. मी सांगून ठेवलं होतं, तिच्या पायांत जोर नाही, तिला फार चालवत नाही.

मंजुळाला. जी पहाटे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मिठागराच्या बांधावरून बेलापूरला जायची, तिथून पुढं गावं फिरून पाटी रिकामी करायची आणि उन्हं चढल्यावर तशीच चालत घरी यायची. आमच्यातला एकही जण तिच्याबरोबर टिकला नसता.

मग का? इथंच मी अडखळतो. मला तिची लाज वाटायची. तिचं लुगडं, तिच्या हातांचा वास, तिचं मोकळं हसणं — आणि सगळ्यात जास्त तिची बोली. मी कचेरीत 'न'च्या जागी 'ण' म्हणायला शिकलो होतो. फार मेहनतीनं शिकलो होतो. तिनं चार माणसांत 'पानी' म्हटलं असतं, तर माझं 'पाणी' उसनं आहे हे सगळ्यांना कळलं असतं. असं मला वाटायचं. त्या लोकांनी कधी मला कमी लेखलं होतं का? नाही. एकदाही नाही.

पुढं एका हिवाळ्यात आम्ही कर्नाळ्याला गेलो. परतताना पनवेलहून बेलापूरला आलो, तर ओहोटी लागलेली. भरती येईपर्यंत होडी सुटणार नव्हती. अरविंद म्हणाला, "तुझं गाव इथं जवळच ना? चल, वहिनींच्या हातचा चहा घेऊ." मी काहीबाही सांगून पाहिलं. पण सगळे उठलेच होते.

मंजुळा नुकतीच गावं फिरून आली होती. पाटी धुऊन भिंतीशी पालथी घातलेली. ती हातपाय धूत होती. आम्ही अंगणात शिरलो. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्या तिघींकडं. मग त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांकडं. बराच वेळ पिशव्यांकडंच बघत राहिली.

"या ना. बसा," ती म्हणाली.

सुमनताईनं पुढं होऊन तिचा हात धरला. "वहिनी, पाय कसे आहेत आता? भाऊजी दर वेळी सांगतात, तुम्हाला चालवत नाही म्हणून."

मी उंबऱ्याकडं बघत उभा होतो. आता ती काय बोलेल? एक शब्द पुरे होता.

"हा," मंजुळा म्हणाली. "पाय दुखतान माजं. चालवत नाय."

आणि ती वळून आत गेली — एक पाय ओढत.

तिनं चूल पेटवली. नुसत्या चहावर कुणाला सोडलं नाही. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवण केलं, मासे न खाणाऱ्यांसाठी वाल शिजवले. आत-बाहेर करत वाढत होती आणि दर खेपेला तो पाय ओढत होती. न विसरता. माझा बाप कोपऱ्यात बसून हे बघत होता. सुमनताई म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसा हो, मी वाढते." मंजुळा म्हणाली, "नको ताई, सवय हाय." आणि मी जेवलो. भाकरी मागून घेऊन जेवलो.

भरती आली, ते गेले. मी मागं राहिलो. ती भांडणार, रडणार, असं धरून चाललो होतो. तिनं भांडी घासली, अंगण झाडलं. नीट, सरळ चालत. रात्री एवढंच म्हणाली, "तुमची ताई गोड हाय."

त्यानंतर तिनं जंगलाबद्दल कधीही काही विचारलं नाही. मी परत यायचो, आपणहून सांगायला बसायचो. ती ऐकायची, मध्येच उठून कामाला लागायची.

पुढच्या एका पावसाळ्यात ती तापानं गेली. खाडी खवळलेली, तिला मुंबईला नेता आलं नाही. त्यात माझा दोष नव्हता असं सगळे म्हणतात, आणि तो नव्हताही. म्हणून ते मी कबूल करत नाही. मला कबूल करायचंय ते त्याच्या आधीचं आहे. मगाशीच सांगायला हवं होतं, पण तिथून पुढं सरकलो.

ते लोक घरी येऊन गेल्यावर काही महिन्यांनी भीमाशंकरचा बेत ठरला. आदल्या संध्याकाळी मंजुळा ओटीवर सुकट निवडत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "या वेळी तू पण चल."

तिचा हात थांबला. "तुमचे लोकांना काय सांगाल? पाय कसं बरं झालं?"

"सांगेन काहीतरी."

'खरं सांगेन' असं मी म्हणण्याची ती वाट बघत होती का? आज मला वाटतं, होय. मी ते म्हणालो नाही.

"नको," ती म्हणाली. "तुमी जावा."

आणि मला हायसं वाटलं. हेच ते. ती नको म्हणाली आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी एकदाही आग्रह केला नाही. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला दिसलं, यात मला शंका नाही. मग तिनं सुकटीत हात घातला आणि पुन्हा निवडायला लागली.

पहाटे तिनं भाकरी बांधून दिली. मी भीमाशंकरला गेलो.