खार, खुंटा आणि लांबचं वादळ

त्याला सगळे खार म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठल्यातरी दाखल्यावर असेलच, पण ज्याने त्याला एकदा झाडावर चढताना पाहिलं त्याच्या तोंडी दुसरं नाव येतच नसे. अंगाने काटकुळा, मिशा मात्र झुपकेदार. शेपटी चुकून तोंडाला लागली, असं त्याची बायकोच सांगायची. झाडं छाटणं, वाळक्या फांद्या उतरवणं, घरावर कललेलं झाड कौलाला ओरखडाही न लावता तुकड्यातुकड्यांनी खाली आणणं, हा त्याचा धंदा.

बायकोही त्याला झाडावरूनच मिळाली, बरं का. तिच्या वडिलांच्या अंगणात काम होतं. खार वर, आणि ती समोरच्या गच्चीवर केस वाळवत बसलेली. बघता बघता गड्याने भलतीच फांदी कापली. त्या दिवशी दोर धरणारा माणूस आला नव्हता म्हणून तिचा धाकटा भाऊ दोर धरून खाली उभा होता. तो ओरडला, "अहो, ही नाही, पलीकडची सांगितली होती!"

"दिसली पलीकडची," खार वरून म्हणाला, "पण आपल्याला हीच पसंत आहे."

सासऱ्यांना फांदीचं दुःख झालं, पण हसू त्याहून जास्त आलं. लग्न झालं आणि बायकोबरोबर मेव्हणाही धंद्यात आला. खारच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा, आणि मेव्हणा तो बुंध्याला दोन वेढे देऊन असा रुतून उभा राहायचा की त्याचं नाव खुंटा पडलं. एकोणीस वर्षं खार वर आणि खुंटा खाली. वरच्याचा जीव खालच्याच्या मुठीत. पण एकदा दोर बांधला की खार खाली बघायचा नाही.

फक्त पहिल्याच वर्षी एक घोटाळा झाला होता. वारा होता, वरून खार ओरडला "ओढ!" आणि खाली ऐकू आलं "सोड!" खुंट्याने सोडला. खार दोन पुरुष उंचीएवढा खाली येऊन एका फांदीला काखेने लटकला आणि खांदा निखळला. तेव्हापासून कामावर 'सोड' हा शब्द बंद. दोर सैल हवा असेल तर 'ढील' म्हणायचं. ही सवय इतकी मुरली की बायको स्वयंपाकघरात म्हणाली, "अहो, पदर सोडा," तर खार म्हणायचा, "ढील म्हण, मग विचार करू."

गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. लाकडी हातोडीने बुंधा ठोकायचा, कान लावायचा आणि सांगायचा: पोकळ आहे, किंवा ठणठणीत आहे. कचेरीतले साहेबही त्याची सही असलेली चिठ्ठी पाहिल्याशिवाय झाड पाडायला परवानगी देत नसत. वाचनालयाच्या आवारातलं शिरीषाचं मोठं झाड त्याच्या शब्दावरच उभं होतं. नव्या सेक्रेटरींना तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. खारने झाड ठोकून पाहिलं आणि वाचनालयाच्या बाईंना सांगितलं, "बाई, हे झाड तुमच्या कपाटांपेक्षा मजबूत आहे. मी जबाबदार." बाईंनी हे कमिटीत जसंच्या तसं सांगितलं आणि सेक्रेटरींनी विषय मागे घेतला. परत येताना खुंटा पुटपुटला होता, "दाजी, एवढं मोठं काम हातचं घालवलंत." खारने ते हसण्यावारी नेलं.

त्या वर्षी अकरा तासांच्या अंतरावर मोठं वादळ झालं. सकाळी खुंटा मोबाइलवर फोटो नाचवत आला.

"दाजी, हे बघा! रस्तोरस्ती झाडं आडवी. झाडवाले सगळीकडून निघालेत. तुम्हीही निघा."

"निघू देत त्यांना," खार चहा ओतत म्हणाला. "आपली माणसं इथली. उद्या इथे कुणाच्या छपरावर फांदी पडली तर त्यांनी कुणाला बोलवायचं? हवामानखात्याला?"

"मी आहे ना इथे."

"तू इथे, मग तिथे माझा दोर कोण धरणार?"

"चढायचंय कशाला? झाडं पडलेलीच आहेत."

"अरे, पडलेलं झाड उभ्यापेक्षा लबाड. कुठे दबलंय, कुठे ताणलंय, वरून कळत नाही. करवत लावली की उसळून तोंडावर येतं."

बायको कणीक मळता मळता भावाला म्हणाली, "वादळ तिकडे झालं, ते तुझ्या अंगात कशाला शिरलंय?"

"ताई, लोक घरात अडकलेत गं. म्हातारी माणसं आहेत, आजारी आहेत. दाजींसारखा हात दुसऱ्या कुणाचा आहे?"

खार तिथेच वितळला. कौतुकाने नव्हे, म्हाताऱ्या माणसांनी. निघताना खुंटा गाडीच्या खिडकीशी आला. "दाजी, मागे कुणाला चिठ्ठी लागली तर? एक कोरा कागद सही करून ठेवा." खारने मांडीवर ठेवून धंद्याच्या छापील कागदावर सही केली. काय लिहिणार, हे विचारलंसुद्धा नाही. दोराला कुणी विचारतं का, धरशील ना म्हणून?

तिकडे काम दांडगं होतं, खोटं कशाला सांगा. चार दिवस खार एका उसन्या मदतनिसाला घेऊन दारं मोकळी करत होता. एका आजोबांच्या दारातलं झाड काढलं तेव्हा त्यांनी त्याचे हात धरून ठेवले. लोक दुवा देत होते, आणि थोडं बिचकतही होते. सगळेच परके. उद्या फांदी चुकीची कापलेली निघाली तर हा माणूस सापडणार कुठे? तिथलाच एक जुना झाडवाला कोपऱ्यावर बसून हे सगळं बघत होता. खारने त्याला पाणी विचारलं.

"पाणी आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं नाहीत. तीस वर्षं ज्यांची झाडं सांभाळली, ते आज जो आधी येईल त्याला करवत लावू देतायत. तुमचा राग नाही हो. पण एक विचारू? तुम्ही इथे माझी झाडं कापताय. तिकडे तुमची कोण कापतंय?"

"माझा मेव्हणा आहे तिकडे!" खार छाती फुगवून म्हणाला आणि त्या म्हाताऱ्यासमोरच फोन लावला.

"दाजी, बोला!" खुंट्याचा आवाज. "इकडे सगळं शांत. पानसुद्धा हललेलं नाही. घरीच आहे, जेवतोय."

आणि त्याच्या आवाजामागून, उंचावरून, कुणीतरी ओरडलं, "सोड! सोड!" मग काहीतरी अवजड धप्पकन जमिनीवर आलं.

"दार आपटलं," खुंटा म्हणाला.

खारने फोन ठेवला. त्यांच्या कामावर 'सोड' म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणजे वर कुणी परका चढला होता, आणि खाली खुंटा होता. आणि खारला अकरा तास लांब धाडल्याशिवाय ज्याला हात लावता येणार नाही, असं गावात एकच झाड होतं. त्याने वाचनालयाच्या बाईंना फोन केला.

"अहो, मला काय विचारता?" बाईंचा आवाज कोरडा होता. "तुमच्याच चिठ्ठीवर चाललंय. 'आतून पूर्ण पोकळ, तातडीने पाडावे.' खाली तुमची सही. मला तोंडाने सांगायचीही लाज वाटली का तुम्हाला?"

"कोण होतं?" म्हाताऱ्याने विचारलं. खार हत्यारं गाडीत टाकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाचनालयाच्या आवारात उभा राहिला. एवढं ऊन तिथे त्याने कधी पाहिलं नव्हतं. बुंधा गुडघ्याएवढा राहिला होता. ओला, घट्ट, मधोमध गडद, टाचणी शिरेल एवढीही पोकळी नाही. बाई पायरीवर आल्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "पोकळ कुठे आहे?"

खारने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर बायकोचा भाऊ लबाड ठरत होता, आणि न सांगायचं तर आपण. "बाई, सही माझी आहे," तो म्हणाला, "शब्द माझे नाहीत."

"मग कोऱ्या कागदावर सही केलीत? तुम्ही?" बाई आत गेल्या. कचेरीतल्या साहेबांनी तर त्याच संध्याकाळी निरोप धाडला: यापुढे तुमची चिठ्ठी चालणार नाही.

घरी बायकोने भावाला दारातच गाठलं होतं. "केसाने गळा कापलास रे, आपल्याच माणसाचा!"

"ताई, झाड आज ना उद्या जाणारच होतं. कमिटीने मला शब्द दिला, पुढची सगळी कामं आपल्याला. दाजींचंच भलं बघितलं. ते इथे असते तर झाडाला मिठी मारून बसले असते. म्हणून म्हटलं..."

"म्हणून वादळात पाठवलंस," खार दारातून म्हणाला. ओरडला नाही.

सकाळी शेजारच्या शिक्षकांच्या छपरावर एक फांदी टेकली होती. आधीच कबूल केलेलं काम. सवयीने दोघेही गेले. खुंट्याने बुंध्याला दोन वेढे दिले आणि रुतून उभा राहिला. खारने कमरेचा पट्टा आवळला, पहिल्या बेचक्यापर्यंत गेला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने खाली बघितलं. मग हळूहळू उतरला. पट्टा सोडून मेव्हण्यापुढे धरला.

"आज तू चढ. मी धरतो."

खुंट्याने पट्टा घेतला. वर बघितलं. मग खारच्या हातांकडे बघितलं, बराच वेळ.

"नको दाजी," तो म्हणाला आणि पट्टा जमिनीवर ठेवला.

खार तिथेच खाली बसला. कोरा कागद गेला, झाड गेलं, कचेरीतली सही गेली, ते सगळं त्याने रात्रीतून कसंबसं गिळलं होतं. पण हे?

"अरे," तो कसाबसा म्हणाला, "मी सोडला असता असं वाटलं तुला?"