पाहुण्यांचं आधार कार्ड

पाहुणे सर, हे नाव मुलांनीच पाडलेलं, वर्गात कधी सरळ आले नाहीत; ज्याचा धडा, तो पाहुणा बनून यायचे. एकदा उलटे चालत आले, एकदा कानाला स्टीलचा पेला लावून. एकदा तर दारातच अडून बसले. त्या दिवशी धडा घर्षणाचा होता आणि पाहुण्याचं नाव घर्षणराव. तिरसट सासरा. कोणाला पुढे सरकू द्यायचा नाही. पण रुसून गेला, तर घरातल्या कोणाला धड उभंही राहता यायचं नाही.

दापोडीच्या आमच्या शाळेत ते सहावीला विज्ञान शिकवायचे, मी शेजारच्या वर्गात. मध्ये एक प्लायचं पार्टिशन. माझी मुलं बघायची माझ्याकडे, कान मात्र पलीकडे. मी आवाज चढवला की पलीकडून ऐकू यायचं, "पोरांनो, शेजारी ध्वनी आलाय. त्यालाही बोलवू कधीतरी."

गेल्या वर्षी सहामाहीचे त्यांचे पेपर तपासायला माझ्याकडे आले. घर्षण कमी करण्याचे दोन उपाय लिहा. जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं होतं, 'घर्षणरावांना तेल पाजावे. तरी ऐकले नाही, तर बेअरिंगकाकांना मध्ये घालावे.' निम्म्या मुलांचे वडील चाकणला कंपनीत. बेअरिंगकाका त्यांच्या घरातलेच. मी पोट धरून हसलो, सगळ्यांना शून्य दिलं आणि गठ्ठा गुपचूप मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून आलो.

बाईंनी ठरवलं, दिवाळीनंतर विज्ञान मी शिकवायचं आणि सरांनी ऑफिसात बसून ऑनलाइन माहिती भरायची. सर एवढंच म्हणाले, "बाई, एकदा पोरांना तोंडी विचारा."

बाईंनी वर्गात येऊन विचारलं, "घर्षण म्हणजे काय?" मुलं मागे वळून बघायला लागली. सर मागच्या बाकावर, हाताची घडी घालून. शेवटी गावठाणातली गौरी उठली.

"मॅडम, तुमच्या टेबलाचा ड्रॉवर अडकतो ना? तिथं त्येच बसल्यात."

"कोण बसलंय?"

"घर्षणराव. म्हंजी लाकडावर लाकूड घासतंय, ते सरकू देत न्हाई, ते. मेणबत्ती घासा, सरकंल."

बाईंनी ऑफिसात जाऊन मेणबत्ती मागवली. ड्रॉवर सरकला. आत त्यांचा हरवलेला चष्मा निघाला.

वर्ग सरांकडेच राहिला, एका अटीवर: शेवटची पाच मिनिटं पुस्तकाची भाषा. सरांनी अटीलाही नाटकात घेतलं. तास संपत आला की म्हणायचे, "चला, पाहुण्यांचं आधार कार्ड काढा." मग मुलं वहीत खरं नाव लिहायची, खाली व्याख्या आणि शेवटी पत्ता: राहणार, दोन पृष्ठभागांच्या मध्ये.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपाचा नारळ हातात घेऊन माझ्या कानाशी वाकले. "गठ्ठा तुम्ही नेलात ते बरं झालं. आधार कार्ड त्यातनंच निघालं." मी नारळाच्या शेंडीकडे बघत राहिलो.

जूनमध्ये तीच मुलं सातवीत आली आणि विज्ञान माझ्याकडे आलं. मी सरळ आत गेलो, फळ्यावर उष्णतेची व्याख्या लिहिली. सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतली. मग गौरीने हात वर केला.

"सर, आधार कार्ड झालं. पाहुणं कवा येणार?"

सगळा वर्ग दाराकडे बघत होता. मी खडू ठेवला, बाहेर गेलो, दार लोटून घेतलं. व्हरांड्यात कोणी नाही असं बघून रुमाल डोक्याला गुंडाळला, वहीने वारा घेत दार वाजवलं.

आतून सगळे एका सुरात म्हणाले, "कोण हाय?"