पूजेतल्या पेनाची शाई

आमच्या सासूबाईंना पूजेतून काही वगळलेलं खपत नसे. दसऱ्याला शिवणाच्या मशीनला हळदकुंकू, तसंच कुकरलाही. त्यामुळे उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये नव्यानेच उघडलेल्या कुरियरच्या ऑफिसात माझी मुलाखत ठरली, तेव्हा त्या सकाळी माझं शाईचं पेन देवापुढे जाणार हे उघडच होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. नवऱ्याची मिल बंद पडलेली. ही नोकरी हुकली असती तर आम्हाला शहरच सोडावं लागलं असतं.

निबालाही कुंकू लागलं पाहिजे म्हणून त्यांनी टोपण काढून ठेवलं होतं. मी नमस्काराला वाकले आणि माझ्या एकुलत्या एका चांगल्या साडीचा, मोतिया माहेश्वरीचा पदर नेमका पेनावर पडला. उचलला तर टोकाला निळा डाग, भोवती ओली हळद.

मी अशी भडकले की देवही दचकले असतील. "आई, कुणी सांगितलं होतं टोपण काढायला?"

"रगडू नको गं, फैलून जाईल," म्हणत त्यांनी डागाखाली काहीतरी फडकं धरलं आणि वरून दूध ओतलं. शाई जराशी उतरली. मग लिंबू-मीठ. अजून जराशी. पण मला धीर कुठला? मी साबण घासला आणि हळदीने रंग बदलला. निळ्याभोवती लालभडक कडं उमटलं. मला रडूच फुटलं.

पदर नुसता खोचून गेले असते तर भांडायलाच आलेय असं वाटलं असतं. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझा पदर सोडला, पाठीमागून उजव्या खांद्यावर आणून पुढे पसरला आणि डागाचं टोक डाव्या बाजूला कमरेत खोवलं. सीधा पल्ला! शेजारणी घेतात तसा. "आपल्यात असा घेत नाहीत," म्हणून याच बाईंनी मला लग्नानंतर टोकलं होतं.

"आज घेतात," त्या म्हणाल्या. "जा, टेम्पो निघून जाईल."

मुलाखतभर ते ओलं टोक पोटाला गार लागत राहिलं. साहेबांना काही दिसलं नाही. नोकरी मिळाली.

घरी आले तर सासूबाई मोरीत बसून आपली जरीकाठी साडी चोळत होत्या. माझी मुलाखत म्हणून सकाळी मुद्दाम नेसलेली. तिचा पदर वीतभर निळा झाला होता. तेव्हा मला कळलं, त्यांनी डागाखाली धरलं ते फडकं नव्हतंच.

"आई, हे काय केलंत?"

"तुझ्या पदराला बाहेर जायचं होतं. माझा घरातच असतो. नोकरीचं काय झालं ते बता आधी."

मी सांगितलं आणि त्यांच्याशेजारी बसून तो पदर हातात घेतला. पुढे माझं जे काही बरं झालं ते त्या पदराच्या जोरावर, असं मी आजही मानते.

त्यांचा डाग काही गेला नाही. त्यानंतर दर सणाला त्या ती साडी नेसल्या, आणि पदर घेतला तो सीधा पल्ला.