विहीणबाईंचं विद्यापीठ

अमरावतीच्या विद्यापीठाचा पुरेपूर उपयोग आजवर एकाच माणसानं करून घेतला आणि तिचं नाव तिथल्या एकाही वर्गात नाही. ती म्हणजे माझी विहीण, सुनेची आई. आमची नात तिथं पीएचडी करायला लागली, तेव्हा तिला वेळेवर पोळी-भाजी मिळावी म्हणून विहीणबाई अकोल्याहून, जठारपेठेतल्या मुलाच्या घरून आल्या आणि विद्यापीठाजवळच्या खोलीत तिच्यासोबत राहिल्या. पोळ्या सकाळीच उरकायच्या. मग दिवसभर बाईंचं शिक्षण.

पहिल्याच दिवशी फाटकावरच्या चौकीदारानं हटकलं, "आजी, कोणत्या डिपार्टमेंटच्या?" "सगळ्या," असं सांगून त्या आत गेल्या. मातीपरीक्षणाचं भाषण, डोळ्यांची तपासणी, कवितांचा कार्यक्रम, योगासनं, जिथं पंखा फिरताना दिसेल तिथं त्या बसायच्या. वटवाघळांवरचं व्याख्यान ऐकलं, तर वलगावला माझ्या घरी येऊन मलाच दटावलं, "विहीणबाई, चिंचेवरचे वटवाघळं हाकलू नका. लेकुरवाळे जीव हायेत ते." मी चौथी शिकलेली. विचारलं, समजलं किती? म्हणाल्या, "समजाले कायले पायजे? खुर्ची रिकामी होती न."

पण त्यांचा खरा जीव पीएचडीच्या तोंडी परीक्षांवर. ही परीक्षा कुणीही बसून ऐकू शकतं आणि मागून नाश्ता असतो. ज्या विषयाला गिला वडा, तो विषय त्यांच्या मते चांगला. शेवटी अध्यक्ष विचारतात, "कुणाला काही विचारायचं आहे का?" तसं विचारायची रीत आहे, उठायची नाही. विहीणबाई उठायच्या. इतिहासाच्या एका उमेदवाराला त्यांनी विचारलं, "हे एवढं तुमच्या बायकोनं वाचलं काय?" परीक्षकांपुढं न फुटलेला घाम त्या बिचाऱ्याला तेव्हा फुटला.

मग नातीची परीक्षा आली. संत्री झाडावरून अवेळी का गळतात, हा तिचा विषय. पुण्याची नोकरी ठरली होती. परीक्षा झाली की खोली सोडायची आणि विहीणबाईंनी जठारपेठेला परत जायचं. तिथं मुलगा-सून दिवसभर दुकानात, घरात ह्या आणि टीव्ही. बाई नातीला उठता-बसता म्हणायच्या, "एवढी घाई कावून करून राहिली?" नातीनं बजावलं, "आजी, तू ये, पण उठू नको. तुले माही शपथ."

मी वलगावहून मुद्दाम गेले, शेजारी बसले आणि त्यांचा पदर मुठीत धरून ठेवला. अध्यक्षांनी विचारलं. बाई उठल्याच, पदर माझ्या मुठीत राहिला.

"मॅडम," सख्ख्या नातीला त्या म्हणाल्या, "यातलं अजून काई शोधाचं राह्यलं असन न? असन तं करा आरामानं. कोनी हाकलून नाई राह्यलं तुमाले."

सगळे हसले. परीक्षकही हसले. नात हसली नाही. एवढा वेळ पुस्तकी बोलणारी ती पोर सगळ्यांसमोर आमच्या बोलीत बोलली, "राह्यलं हाय आजी, लय राह्यलं हाय. पन ते आता दुसरं कोनी करन."

बाई खाली बसल्या. पदवीची शिफारस जाहीर झाली आणि टाळ्या पडल्या. विहीणबाईंनीही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या, तरी त्यांच्या चालूच होत्या. मी त्यांना थांबवलं नाही.