पावडरकाकांची हद्द

चौकातल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे पावडरकाका म्हणत. फोटोतले चेहरे उजळायचे, टकलावर केस उगवायचे, मिटलेले डोळे उघडायचे, हे त्यांचं काम. स्वतःच्या डोक्यावर मात्र औषधालाही केस नव्हता, आणि त्यावरची थट्टा ते निमूट ऐकून घेत. वारलेल्या आजोबांना त्यांनी नातवाच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवलं, तेव्हा घरच्यांच्या तोंडून "हद्द केलीत काका!" एवढंच निघालं. दुसऱ्या एका गृहस्थाला आधी पोट कमी हवं होतं, मग दंड भरदार, मग मागे एक मोटार. काकांनी चष्मा काढला. "साहेब, कशालाही काही हद्द असते. आता यात तुमचं उरलं काय?"

त्यांची स्वतःची हद्द एकच. फोटोत ते माणूस घालत, काढत नसत. "कात्रीने खुशाल कापा," ते सांगत. "कापलेलं निदान कळतं. पण इथे कुणी उभंच नव्हतं, असं मी करून देणार नाही." मालक चरफडे, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई, काका ढिम्म.

एक दिवस ताई आली. आई गेल्यावर तिनेच काकांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि आजवर त्यांच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. सोबत तिचा मुलगा होता. पिशवीतून तसबीर निघाली. ओळीने भाऊजी, ताई, भाचा, भाच्याची बायको आणि तिच्या शेजारी, अगदी कडेला, काका. त्या बायकोशी भाच्याचा काडीमोड झाला होता. आता दुसरं लग्न ठरलं होतं आणि नवी मुलगी रविवारी पहिल्यांदाच घरी यायची होती.

"तिला सगळं ठाऊक आहे रे," ताई म्हणाली. "पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या भिंतीवर हीच दिसायची? बरं, उतरवू कसा? तुझ्या भाऊजींचा हा शेवटचा फोटो."

"मग कडेने काप."

"आणि तूही जाशील त्यात! मला तू हवास."

काकांना भरून आलं. तरी मान नकारार्थीच हलली. "भाऊजींचं आजारपण तिने काढलं, ताई. ती नव्हतीच असं कसं करू?"

"मामा, आता तुम्ही हद्द ओलांडताय," भाचा उसळून म्हणाला. "आमच्या घरात कोण दिसायचं ते तुम्ही ठरवणार?"

ताईने तसबीर पिशवीत घातली आणि चहाही न घेता गेली. ती भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती नुसती दमलेली दिसली.

नंतर काकांचं कामात चित्त लागेना. एका बाईंच्या हनुवटीवरचा तीळ त्यांनी पुसला. बाईंना नेमका तोच हवा होता. रविवारी सकाळी मात्र त्यांनी मनाशी हार मानली. जिने वाढवलं, तिच्यापुढे कसली आलीय हद्द? ते तडक ताईच्या घरी गेले.

ताई भांडी पुसत होती. "फोटो दे," काका दारातूनच म्हणाले. "दुपारपर्यंत करून आणतो."

तिने हात पुसले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तसबीर आपल्या जागी होती. भाऊजी, ताई, भाचा. तिथेच चौकट संपत होती.

"काल कापला मी," ताई म्हणाली. "दोनदा हात थांबला. पण म्हटलं, तू शब्दाचा पक्का, तू काही यायचा नाहीस."

काका जवळ गेले. काप सरळ होता, खोटं कुठेच काही नव्हतं. त्यांना भयंकर वाईट वाटलं.

"छान कापलायस," ते म्हणाले.

"बस, चहा टाकते." ताई आत जाता जाता थांबली. "उरलेला तुकडा कपाटात ठेवलाय. तू आणि ती. टाकवेना मला. घेऊन जातोस?"