दवाखान्यात एकट्यानं जाऊ नये

आमच्या केज भागात दवाखान्यात एकट्यानं जायची पद्धत नाही. साधा दात काढायचा असला तरी सोबत भाऊ लागतो, भावासोबत त्याचा मेहुणा येतो, आणि वाटेत भेटलेला चुलता "कुठं निघालाव?" असं विचारत जीपमध्ये चढून बसतो. माझ्या थोरल्या भावाला मुतखडा झाला तेव्हा अख्खी काळीपिवळी जीप भरून माणसं गेली होती. डॉक्टरांनी पेशंट कोण म्हणून विचारलं तर दोघं-तिघं उठून उभे राहिले. या पद्धतीचा मला अभिमानच होता. पण मला जो आजार झाला तो जीप भरून माणसं नेण्यासारखा नव्हता.

माझं केजला खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि घर युसूफ वडगावकडच्या एका गावात. वय चाळिशीच्या थोडं पुढे. तोवर धडधाकट होतो, पण मग काय झालं कुणास ठाऊक, दुपारी लाईट गेल्यावर विहिरीवरची मोटार बंद पडावी तसा मी बंद पडायला लागलो. युरियाच्या पोत्यांवर आडवा व्हायचो. गिऱ्हाईकावर उगीच खेकसायचो. दुकानासमोरून बँड वाजवत वरात गेली तरी मान वर करून बघत नव्हतो. आणि नवरा-बायकोच्या बाबतीत तर विचारू नका. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बायको माझी तोंडाची तिखट. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या चालण्याची, घोरण्याची, मोबाईलवर टाकलेल्या फोटोंची मनसोक्त चेष्टा केली. मी चिडायचो, पण खरं सांगतो, त्या चेष्टेवरच आमचं घर चाललं होतं. आता ती गप्प झाली. जेवायला वाढताना "आणखी घ्या" एवढंच म्हणायची. काही विचारत नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटायची. तिला वाटत असणार, याचं मन माझ्यावरून उडालं. कुणी दुसरी आहे असं वाटलं असतं तरी तिनं निदान भांडून घेतलं असतं.

मग एकदा दुकानात बसल्या बसल्या मोबाईलवर वाचलं: टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाच्या अंगातलं हार्मोन, कमी झालं की असं होतं. एकेक लक्षण माझंच. मला इतकं बरं वाटलं की मी समोरच्या हॉटेलातून भजी मागवली. दोष मनात नव्हता, रक्तात होता. आता फक्त एखाद्या डॉक्टरनं तसं म्हणावं आणि औषध द्यावं, की मी बायकोला छातीठोक सांगणार होतो, "बाई, तुझ्यावरची माया आहे तशीच आहे."

केजच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो. तिथल्या केबिनमध्ये एका वेळी चार-पाच पेशंट बसतात. एकाला तपासताना बाकीचे सल्ला देतात. मी म्हणालो, "थकवा येतोय." डॉक्टर म्हणाले, "सलाईन लावू?" मी वाकून त्यांच्या कानात हार्मोनचं नाव सांगितलं. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"मोबाईलवर…"

"मोबाईल बंद करा. लेकरं किती?"

"दोन."

"मग झालं की!"

बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारी तर "मोप झाली" म्हणाली. मी सलाईन लावून घेतली आणि बाहेर आलो, तर पायरीवर चुलतभाऊ उभा.

"काय झालं बे? एकटाच?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "साखर निघालीय जरा."

साखर हा आमच्याकडे इज्जतीचा आजार आहे. सोसायटीच्या चेअरमनपासून सगळ्या पुढाऱ्यांना असतो. पण संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली आणि माझ्या तोंडचं गोड गेलं ते गेलंच. ज्याच्या घरी जावं तिथं बिनसाखरेचा चहा. लग्नात पंगतीला बसलो की वाढपी माझ्या पानावरून बुंदीची बादली उचलून पुढे न्यायचा आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "त्येंला नगं, त्येंला साखर हाय!" आईनं सकाळी कारल्याचा रस सुरू केला. मी डोळे मिटून तो प्यायचो आणि दुपारी दुकानात लपून पेढे खायचो.

अंबाजोगाईला हार्मोनचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून येतात असं कळलं. एकटाच निघालो. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे पोचायला दुपार झाली. रक्त दिलं. रिपोर्टात हार्मोन कमी! पास झालेल्या पोरासारखा मी तो घेऊन डॉक्टरांसमोर गेलो. त्यांनी वेळ बघितली आणि बाजूला ठेवला. "हे रक्त सकाळी द्यायचं असतं. दुपारी ते कमीच भरतं. परत द्या."

पुढच्या खेपेला उजाडायच्या आत मोटारसायकल काढली. गावाबाहेर शेरडं घेऊन निघालेला धनगर आडवा आला. "एवढ्या सकाळी? कुणी गेलं का?" आमच्याकडे त्या वेळेला माणूस फक्त मयतीलाच निघतो. मी हो म्हणालो. कोण गेलं ते सांगायला थांबलो नाही.

या वेळी रिपोर्ट काठावर आला. आमच्या वेळी काठावरच्या पोराला मास्तर ढकलून पास करायचे. इथं मी मला ढकलून नापास करा म्हणून हात जोडत होतो आणि डॉक्टर ऐकत नव्हते. म्हणाले, "बाहेरून हार्मोन द्यायला लागलो, की तुमच्या अंगातला कारखाना म्हणतो, आयतं येतंय, मग मी बॉयलर कशाला पेटवू? बंद पडला, तर लवकर सुरू होईल याची खात्री नाही." बंद पडलेला कारखाना म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. वजन कमी करा, चाला, म्हणाले. "आणि पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या."

मी "हो" म्हणालो आणि पुढची वेळ येऊच द्यायची नाही असं ठरवलं.

दोन-चार दिवसांनी तेलगावचा माझा शाळेतला दोस्त दुकानात आला. "संजीवक दे बे, कापूस पार दमलाय." संजीवक म्हणजे झाडाला जोम यावा म्हणून फवारतात ते. मी म्हणालो, "आधी मुळी बघ. पाणी साचलंय का बघ. वरून संजीवक मारलं की झाड नुसतं उंच होतंय, बोंड धरत न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू दुकानदार हायस का डॉक्टर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांचं बरोबर आहे हे माझ्याच तोंडातून निघालं होतं, आणि बरोबर असलं म्हणून माझं भागत नव्हतं. कापसाला सांगायला बायको नसते.

त्याच आठवड्यात सासरे आले. न कळवता आले, जांभळाच्या बियांच्या पुडीची पिशवी घेऊन. शेती आणि शेरडं सोडून कधी मुक्कामाला न येणारा माणूस. हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, उद्या अंबाजोगाईला जायचं. मी हाय, पोरगी हाय."

"मामा, कशाला त्रास? मी जाऊन येतो की."

"दवाखान्यात एकट्यानं जात न्हाईत," ते म्हणाले, आणि विषय संपला. बायकोनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. मी अंबाजोगाईला जातो हे तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही; आमच्याकडे मोटारसायकल कुठं उभी होती हे गाडीच्या आधी घरी पोचतं.

जीपमध्ये सासरे पुढे आणि आम्ही मागे. वाटभर त्यांनी ड्रायव्हरला आपल्या बोकडाची कहाणी ऐकवली. "लई जोमदार व्हता. पर यंदा पार सुस्त. शेरडाकडं बघंना बी. खाऊन नुसता पडून राहायचा. मग काय करता? बाजारात नेऊन इकला." सगळी जीप हळहळली. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलो, आणि बायको माझ्याकडे बघत होती.

केबिनमध्ये पेशंटच्या खुर्चीवर सासरेच बसले. "डॉक्टरसाहेब, पाव्हण्यांची साखर किती हाय?"

डॉक्टर म्हणाले, "साखर? यांना साखर नाही."

सासऱ्यांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं माझ्याकडे. मी पंख्याकडे.

"आबा, तुमी जरा भाईर बसा," ती म्हणाली.

सासरे उठले. दारात थांबले, टोपी सारखी केली. "साहेब, जे असंल ते पोरीला खरं सांगा. पुण्या-मुंबईला न्यावं लागलं तरी नेऊ. पर लपवू नका." मला काही कळेना.

दार लागल्याबरोबर बायकोनं विचारलं, "कॅन्सर हाय का?"

"कुणाला?" डॉक्टर म्हणाले.

"ह्येंला. मला सगळं म्हाईत हाय. दुकानात पेढे खातेत, म्हंजे साखर न्हाई. खोटं बोलून एकटंच दवाखान्यात येतेत. हसत न्हाईत, भांडत न्हाईत. माझ्याकडं पाठ करून झोपतेत. म्हणलं, जायच्या आधी माया तोडायलेत. मला सवय व्हावी म्हणून." आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

सासरे जांभळाची पूड द्यायला आले नव्हते. लेक विधवा होणार म्हणून आले होते. इतके दिवस मी तिच्यापुढे लाजत होतो आणि ती माझं मरण धरून बसली होती. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं: हार्मोन, रिपोर्ट, काठ, कारखाना, सगळं.

ती रडायची थांबली. "एवढंच?"

आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मला मात्र राग आला. "तुला एवढंच वाटतंय," मी म्हणालो. "मी आतून संपलोच व्हतो. तुला सांगायला तोंड नव्हतं मला."

तिचं हसू थांबलं. तिनं टेबलावर ठेवलेल्या माझ्या हातावर हात ठेवला, डॉक्टरांसमोर. आमच्याकडे असं करत नाहीत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे घोरतात का?"

"घोरतेत? आवो, गोठ्यातली म्हैस उठून उभी राहती. आन मधीच श्वास बंद पडतोय. मी हलवते, मग परत घेतेत."

डॉक्टर पुढे सरकले. "श्वास बंद पडतो? रोज?"

"रोज. म्हणून मी झोपतच न्हाई नीट. म्हणलं, एखाद्या वेळी मला डोळा लागायचा आन ह्ये श्वास घ्यायचे न्हाईत."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मी पाठ करून झोपायचो, आणि पाठीमागं ती माझा श्वास राखत जागी असायची.

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" डॉक्टर मला म्हणाले.

"साहेब, मी झोपलेला असतो!"

ते पहिल्यांदा हसले. मग नीट समजावून सांगितलं. झोपेत श्वास असा तुटत असेल तर थकवा येतो, चिडचिड होते आणि हार्मोनही उतरू शकतं. आधी झोपेची तपासणी, डोक्यातल्या ग्रंथीसाठी रक्ताची एक तपासणी, मग त्यावर इलाज, आणि वजन. त्यानंतर पुन्हा सकाळचं रक्त. "तरी कमी आलं, तर आपण औषधाचं बघू. तेव्हा मी नाही म्हणणार नाही." औषध मिळालं नव्हतंच. पण ज्यासाठी मला ते औषध हवं होतं, ते काम तिथं बसल्या बसल्या झालं होतं.

बाहेर सासरे बाकड्यावर डोळे मिटून बसले होते. "काय म्हणले?"

"घोरतेत, आबा," बायको म्हणाली. "त्याच्यानं झोप व्हईना, आन झोप न्हाई म्हणून थकवा."

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "घोरतो तर मी बी."

"मग तुमी बी दाखवा."

दुकान उघडायचं होतं म्हणून आम्ही सरळ केजला उतरलो. समोरच्या हॉटेलवाल्यानं मला बघून सवयीनं बिनसाखरेचं भांडं चढवलं. बायको म्हणाली, "ह्येंला बी साखरेचाच द्या."

"ताई, त्येंला साखर…"

"उतरली."

हॉटेलातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. दुसऱ्या दिवसापासून साखर कोणत्या डॉक्टरनं उतरवली हे विचारायला माणसं दुकानात येऊ लागली, आणि आजही अधूनमधून येतात. त्या दिवशी मात्र मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलो होतो. सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला होता. हॉटेलवाल्याला त्यांनी बोकडाची कहाणी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "आमचा बोकड, लई जोमदार व्हता. पर यंदा पार सुस्त…"

मी मान खाली घातली. बायको माझ्याकडे सरकली, माझ्या कपातला अर्धा चहा आपल्या बशीत ओतून घेतला आणि बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"आबांनी इकला. मी आणखी थोडे दिस ठिवून बघते."